निवृत्त डब्ल्यूडीएम-२ लोको संग्रहालयात जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवर तीन-चार दशकं ज्यांनी मेल, पॅसेंजर आणि मालगाड्या ओढल्या, त्या अल्को बनावटीच्या डब्ल्यूडीएम-२ वर्गाच्या डिझेल लोकोंपैकी आता मोजकेच संग्रहालयांत, वर्कशॉपच्या दारात किंवा स्टेशनांबाहेर उभे आहेत. ही प्रश्नोत्तरं हे लोको सांभाळणाऱ्यांसाठी आहेत. लोकोंच्या देखभालीच्या शेडमधल्या बोलीप्रमाणे इथे अख्ख्या गाडीला ‘लोको’ म्हटलं आहे आणि हूडखालच्या सोळा सिलिंडरच्या यंत्राला ‘इंजिन’.

डब्ल्यूडीएम-२ जपण्यासारखा का आहे?

कारण डिझेलयुग म्हणतात ते याच वर्गानं उभं केलं. पहिले लोको १९६२ मध्ये अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आले. त्यातला पहिला, क्रमांक १८०४०, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून देशात जुळणी झालेला पहिला लोको बाहेर पडला आणि पुढे हजारोंनी झाले. पुणे आणि कल्याण शेडच्या कित्येक फिटरांची आणि ड्रायव्हरांची अख्खी नोकरी याच इंजिनावर गेली. ती माणसं हयात आहेत आणि त्यांना विचारता येतं, ही आत्ताची सर्वांत मोठी सोय आहे. दहा-पंधरा वर्षांनी ती नसेल.

मूळ आकडे कोणते धरायचे?

वजन ११२.८ टन, सहा आस, म्हणजे दर आसावर १८.८ टन. बफरपासून बफरपर्यंत लांबी सुमारे १७.१ मीटर, रुळापासून उंची सुमारे ४.२ मीटर. इंजिन अल्को २५१-बी, व्ही-१६, १००० आरपीएमला २६०० अश्वशक्ती. डिझेल टाकी ५००० लिटर, वंगण तेल ९१० लिटर, थंड करण्याचं पाणी १२१० लिटर. क्रेन, रूळ, पिंपं आणि छप्पर यांचा सगळा हिशेब याच आकड्यांवरून होतो.

शेडमधून ताब्यात घेताना काय बघायचं?

आत काय उरलं आहे ते. लोको बाद ठरला की शेड त्याच्यातले चालू भाग काढून दुसऱ्या लोकोला लावतं. ते त्यांच्या जागी बरोबरच आहे, पण संग्रहालयाच्या हाती नुसता पत्र्याचा सांगाडा येऊ शकतो. सर्वांत आधी टर्बो (इंजिनात हवा कोंबणारं यंत्र), गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा), एक्सप्रेसर (ब्रेकसाठी हवा दाबणारं आणि व्हॅक्यूमही करणारं यंत्र), सिलिंडर हेड, बॅटऱ्या, कंट्रोल स्टँडवरची मीटरं, हॉर्न आणि हेडलाइट जातात. ट्रॅक्शन मोटरसुद्धा (चाकं फिरवणाऱ्या विजेच्या मोटर) काढलेल्या असू शकतात. त्यामुळे पाहणीच्या दिवशीच भागवार यादी करा, प्रत्येक भागावरच्या नावपट्टीचा फोटो घ्या आणि यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. ताबा मिळण्याच्या दिवशी तीच यादी पुन्हा ताडून बघा. सिलिंडर हेड काढलेलं असेल तर तिथलं भोक त्याच दिवशी झाकून घ्या. उघड्या लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) पावसाचे दोन शिंतोडे पडले तरी आठवड्याभरात भिंत तांबडी होते.

कागद विसरू नका. लॉगबुक, शेड्यूल कार्ड, शेवटच्या पीओएचची (ठरावीक मुदतीनं होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीची) तारीख, कोणत्या साली कोणता बदल झाला याच्या नोंदी, हे सगळं लोकोबरोबर मागून घ्या. भंगाराचा लिलाव झाला की हे कागद रद्दीत जातात आणि ते पुन्हा कुठेच मिळत नाहीत.

आमचा लोको डब्ल्यूडीएम-२ आहे, पण आतले भाग वेगळे दिसतात. कसं?

यात आश्चर्य काही नाही. बऱ्याच लोकोंचं मध्येच नूतनीकरण झालं, कित्येक ३१०० अश्वशक्तीचे होऊन डब्ल्यूडीएम-३ए म्हणून चालले. त्यांच्यात डीसी जनरेटर जाऊन अल्टरनेटर आला, आणि व्हॅक्यूम ब्रेक बंद झाल्यावर एक्सप्रेसरच्या जागी नुसता कॉम्प्रेसर बसला. हे बदल म्हणजे खोट नव्हे. तोच लोकोचा इतिहास आहे. १९७० सालचं रूप हवं म्हणून २००० सालचे भाग उखडून काढणं आम्हाला पटत नाही. जुना भाग मिळाला तर बाजूला काचेत मांडा.

लोको रुळावरून आणायचा की रस्त्यानं?

रूळ पोहोचत असेल तर रुळावरूनच. मात्र ‘डेड’ लोको (इंजिन बंद, नुसता ओढून न्यायचा) म्हणून गाडीला जोडण्याआधी शेडचं फिट प्रमाणपत्र लागतं, ब्रेक व्हॉल्व डेड स्थितीत लावावे लागतात आणि बॅटरीचा नाइफ स्विच उघडा ठेवावा लागतो. दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे हॅण्डब्रेक अर्धवट सुटलेला राहतो आणि चाक घसटत जाऊन सपाट होतं. दुसरी सस्पेन्शन बेअरिंगची. जुन्या ट्रॅक्शन मोटर आसावर साध्या बेअरिंगनं टेकलेल्या असतात आणि तिथं वंगण लोकरीच्या वातीनं पोहोचतं. वर्षभर उभ्या राहिलेल्या लोकोची वात सुकलेली असते. वाती काढून, तेलात भिजवून, पुन्हा बसवल्याशिवाय एक किलोमीटरसुद्धा ओढू नका. नाहीतर बेअरिंग तापून आसच खराब होतो. गिअर केसमधलं कार्डियम कंपाउंडही तपासा. ते जुनं झालं की डांबरासारखं घट्ट बसतं आणि दात कोरडे फिरतात.

रस्त्यानं न्यायचं तर वरचा सांगाडा आणि दोन बोग्या (खालचे चाकांचे गाडे) वेगवेगळ्या ट्रेलरवर जातात. सांगाडा फक्त अंडरफ्रेमच्या चार ठरलेल्या लिफ्टिंग पॅडवरूनच उचलायचा. रनिंग बोर्डाखाली (हूडच्या बाजूच्या चालायच्या पट्टीखाली) जॅक लावला तर पत्रा मुडपतो आणि हूडचे दरवाजे पुन्हा नीट लागत नाहीत.

प्रदर्शनाचा रूळ कसा असावा?

खऱ्या लाइनसारखाच. नुसत्या काँक्रीटच्या पट्ट्यावर रूळ ठोकून लोको ठेवला की पाणी चाकांशी साचतं. स्लीपरखाली किमान २५० मिलिमीटर खडी हवी, दोन्ही बाजूंना गटार हवं आणि दोन्ही टोकांना बफर स्टॉप. लोको १७ मीटरचा असला तरी रूळ २५ ते ३० मीटर ठेवा, कारण पुढे तो थोडा सरकवावा लागणार आहे. चारही कोपऱ्यांच्या पातळीची नोंद पहिल्या दिवशी करा आणि पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. भराव खचतो तो याच काळात.

लोको जागेवर आला. पहिल्या आठवड्यात काय करायचं?

पाणी कुठं मुरतंय ते शोधायचं. रंगरंगोटी, दिवे, माहितीफलक, उद्घाटन, सगळं त्यानंतर.

लोकोचं आयुष्य चालू असताना इंजिनाच्या उष्णतेनं आतला ओलावा सुकत असतो. उभा राहिला की ती ऊब संपते आणि जे थेंब रोज वाफ होऊन जात होते ते साठायला लागतात. पहिली जागा म्हणजे छतावरचा धुराडा. तिथून शिरलेलं पाणी टर्बोत आणि तिथून एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये जातं. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व त्या वेळी उघडा असेल, त्या सिलिंडरमध्ये ते उतरतं. एका पावसाळ्यात सोळापैकी दोन-तीन सिलिंडर गंजून रिंगा लायनरला चिकटायला एवढं पुरतं. म्हणून धुराड्यावर आधी झाकण बसवा. ताडपत्री बांधू नका, ती वाऱ्यानं फाटते आणि तिच्या खळग्यात पाणी साचतं. दोन मिलिमीटर पत्र्याचं, कडा खाली वळवलेलं, रबरी गॅस्केट लावलेलं झाकण करून घ्या.

त्यानंतर छताच्या हॅचची गॅस्केटं. ती उन्हानं कडक होतात. हॅचखाली कोरडा खडू फासून ठेवा आणि वरून बादलीभर पाणी ओता. खडूवर जिथं ओघळ उमटेल तिथं गळती आहे. कॅबच्या खिडक्यांचं रबर, रेडिएटर खोलीची शटर, शॉर्ट हूडमधल्या डायनॅमिक ब्रेक ग्रिडच्या जाळ्या याही बघा. वाळूच्या पेट्या रिकाम्या करा, कारण दमट वाळू पेटीचा तळ आतून खाते. लोको विजेच्या लाइनखाली असेल तर २५ हजार व्होल्टची तार बंद आणि अर्थ केल्याचं लेखी मिळाल्याशिवाय कुणीही छतावर चढायचं नाही.

इंजिन कधीच चालू करणार नाही. तरी आत काही करावं लागतं का?

हो. क्रम असा:

१. पाणी पूर्ण काढा. मुख्य ड्रेन उघडला म्हणजे १२१० लिटर आले असं होत नाही. टर्बो, आफ्टरकूलर, ऑइल कूलर आणि एक्सप्रेसर या खोलगट जागांत पाणी अडकून राहतं. प्रत्येकाचा प्लग वेगळा उघडा आणि किती लिटर निघालं ते मोजा. बेरीज जमली नाही तर पाणी अजून आतच आहे.

२. वंगण तेल काढताना पहिली बादली वेगळी ठेवा. तळाशी पाणी किंवा दुधाळ थर दिसला तर लायनरचे रबरी सील गेलेले आहेत, किंवा पाऊस आत आला आहे. कारण ठरल्याशिवाय नवं तेल भरू नका.

३. क्रँककेसची झाकणं उघडून आत टॉर्च मारा. लायनरच्या खालच्या कडेला तांबड्या रेघा दिसतात का ते बघा.

४. सोळाही सिलिंडर हेडचे टेस्ट प्लग काढा आणि बारिंग गिअरनं इंजिन हातानं सावकाश फिरवा. चार-स्ट्रोक इंजिन असल्यानं एक चक्र पूर्ण व्हायला क्रँकचे दोन फेरे लागतात. प्लगमधून पाणी उडालं तर थांबा. अडलं तर जोर लावू नका. अडलेल्या सिलिंडरमध्ये भेदक तेल ओतून आठ दिवस वाट बघा.

५. प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण पाव लिटर गंजरोधक तेल फवारा, पुन्हा दोन फेरे फिरवा, प्लग लावा.

६. व्हॉल्व लिव्हर, पुशरॉड आणि कॅमशाफ्टवर तेच तेल मारा. हवेचं इनटेक, क्रँककेसचा ब्रीदर आणि इतर सगळी तोंडं बंद करा. आत सिलिका जेलच्या पिशव्या टांगा आणि किती टांगल्या ते झाकणावर रंगानं लिहा. सहा महिन्यांनी उघडणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

पुढे दर महिन्याला सव्वादोन फेरे. तो वरचा पाव फेरा महत्त्वाचा आहे, त्यामुळे पिस्टन दर वेळी वेगळ्या जागी थांबतात.

निघालेल्या पिवळट पाण्याचं काय करायचं?

गटारात सोडू नका. जुन्या काळी थंड करण्याच्या पाण्यात गंज रोखायला क्रोमेट घालत, त्याचा पिवळा रंग असतो आणि ते विषारी आहे. नंतर रेल्वेनं नायट्राइट-बोरेटचं मिश्रण वापरायला घेतलं, तरी तेही नाल्यात सोडायचं नाही. पिंपात भरून, नोंद करून, घातक कचरा उचलणाऱ्या परवानाधारकाकडे द्या. जुन्या तेलालाही हाच नियम.

अ‍ॅस्बेस्टॉस असतं का?

जुन्या लोकोंत असू शकतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचं गुंडाळलेलं आवरण, काही गॅस्केटं आणि जुने ब्रेक ब्लॉक या संशयाच्या जागा. आवरण धड असेल तर हात लावू नका, वरून सीलर मारून झाका. उसवलं असेल तर प्रयोगशाळेत नमुना तपासून, जाणकारांकडूनच काढून घ्या. स्वयंसेवकांना झाडू देऊन हूडमध्ये पाठवण्याआधी हे झालेलं असलं पाहिजे.

जनरेटर आणि ट्रॅक्शन मोटरचं काय?

कार्बन ब्रश होल्डरमधून उचलून वर बांधा. महिनोन्‌महिने एकाच जागी टेकलेला ब्रश ओलावा धरतो आणि कम्युटेटरच्या तांब्यावर हिरवट डाग पाडतो. पुढे कधी मोटर फिरवली तर ठिणग्या तिथंच उडतात. कम्युटेटरवर स्वच्छ क्राफ्ट कागद गुंडाळा. इन्शुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरनं वर्षातून दोनदा मोजा, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. एक मेगोहमच्या खाली उतरलं तर आत ६० वॅटचे बल्ब लावून आठवडाभर सुकवा. दोन्ही आकडे वहीत लिहिले की तीन-चार वर्षांत पाणी कोणत्या मोटरमध्ये शिरतंय ते आपोआप दिसतं.

बॅटऱ्या ठेवायच्या का?

नाही. आठ युनिट, प्रत्येकी ८ व्होल्ट, मिळून ६४ व्होल्ट. आत ठेवल्या की आम्ल झिरपून बॅटरी बॉक्सचा तळ खातं. काढून घ्या, पेटी सोड्याच्या पाण्यानं पुसा आणि सुकवून रंगवा. प्रदर्शनासाठी रिकामे खोके ठेवले तरी चालतात.

मूळ रंग कसा ओळखायचा?

खरवडण्याआधी शोधायचा. दारामागची, नंबरपाटीखालची किंवा हॅण्डरेलच्या बुडाची जागा निवडा, जिथं कुणी पूर्ण घासलेलं नसतं. रुपयाच्या नाण्याएवढा गोल ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं ओला करून घासा, मग ८००, मग १२००. कडेला थर एकात एक कड्यांसारखे उघडतात: आजचा रंग, त्याखाली आधीच्या शेडचा, त्याखाली प्रायमर, पुन्हा एक रंग. दिवसाच्या उजेडात रंगपट्टी शेजारी धरून फोटो घ्या. शेडची नावं, पीओएचच्या तारखा आणि इतर अक्षरं ट्रेसिंग कागदावर उतरवून घ्या. संगणकावरचा सुबक फाँट लावला की जाणकाराला ते लगेच खटकतं, कारण ही अक्षरं पेंटरच्या हातची असतात आणि प्रत्येक शेडच्या पेंटरचं वळण वेगळं असतं.

कोणत्या सालचं रूप ठेवणार ते एकदा ठरवा आणि लेखी नोंदवा. नाहीतर नंबर एका काळाचा, रंग दुसऱ्या काळाचा आणि बोधचिन्ह तिसऱ्याच काळाचं होऊन बसतं.

सँड ब्लास्टिंग करू का?

लोको जोडलेला असताना नाही. कण मोटरच्या वाइंडिंगमध्ये, बेअरिंगमध्ये आणि जनरेटरमध्ये जातात आणि तिथून कधीच पूर्ण निघत नाहीत. दरवाजे, जाळ्या, पायऱ्या असे सुटे भाग बाहेर नेऊन ब्लास्ट करा. बाकी सांगाड्यावर नीडल गन आणि वायर ब्रश. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका, ओलं घासा, तोंडावर योग्य मास्क लावा आणि खाली प्लास्टिक पसरून कपचे गोळा करा.

रंगकाम कधी आणि कसं?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसेल, तर रंग लावू नका. पहाटे पत्र्यावर न दिसणारा दमट थर असतो. त्यावर बसलेला प्रायमर पुढच्या वर्षी फोडासारखा उठतो. ऊन चढल्यावर सुरू करा आणि चारच्या आत थांबा.

दोन-घटक इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि पॉलियुरेथेनचे दोन हात, मिळून साधारण २०० मायक्रॉन कोरडी जाडी. साधा एनॅमल स्वस्त पडतो, पण उन्हात दोन-तीन वर्षांत खडूसारखा होतो. गंजाचं काम आधी कुठं करायचं? दरवाजांच्या खालच्या कडा, हूड आणि रनिंग बोर्डाचा सांधा, कॅबची फरशी, बॅटरी बॉक्स, पायऱ्यांची पाठ. हातोडीनं हलकं ठोकून बघा. ठणठण आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, बद्द आला तर आतून पोखरला आहे. तिथं पुट्टी भरून भागणार नाही, तुकडा कापून नवा जोडावा लागेल. आणि डिझेल टाकीजवळ वेल्डिंग करायचं असेल तर टाकी रिकामी, धुतलेली आणि गॅस-चाचणी झालेली हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ असते.

पैसे थोडे आहेत. रंग की छप्पर?

छप्पर. छपराखालचा रंग कित्येक वर्षं टिकतो, उघड्यावरचा पाच-सात वर्षांत पुन्हा काढावा लागतो, आणि मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत त्याच्याही आधी. २१ मीटर लांब, ६ मीटर रुंद, बाजू उघड्या ठेवलेलं साधं पत्र्याचं छप्पर पुरतं. चारही बाजू बंद केल्या तर आत दमट होतं.

लोकांना कॅबमध्ये सोडावं का?

सोडावं. मुलांनी थ्रॉटलच्या आठ नॉच हातानं फिरवून बघाव्यात, त्यासाठीच तर लोको ठेवला आहे. एका वेळी चार-पाच जण, पायऱ्यांना दुसरा हॅण्डरेल, काचांना सेफ्टी फिल्म. इंजिन खोलीचे दरवाजे मात्र कुलपात ठेवा. सुटी होण्यासारखी मीटरं आतून बोल्टनं पक्की करा.

चाकं एकाच जागी राहिली तर बिघडतं काय?

आसपेटीतले रोलर एकाच बिंदूवर भार घेत राहतात आणि रेसवर (बेअरिंगच्या कड्यावर) खळगे पडतात. दर तीन महिन्यांनी लोको अर्धा चाक-फेरा, म्हणजे दीड-पावणेदोन मीटर, सरकवा. पुढच्या वेळी उलट दिशेनं. सरकवल्यावर दोन्ही बाजूंना पाचर लावा. फक्त हॅण्डब्रेकवर विसंबू नका.

पुन्हा चालू करता येईल का?

येतं, पण ते जपणुकीपेक्षा वेगळं आणि महागडं काम आहे. आधी वरची बारिंगची परीक्षा पास व्हायला हवी. पाण्याचा मार्ग भरून चोवीस तास ठेवा आणि लायनरखाली थेंब येतो का ते बघा. एक थेंबही चालणार नाही. नवं तेल भरून, बाहेरच्या पंपानं सगळ्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचल्याचं डोळ्यांनी बघून, मगच क्रँक करा. जुन्या लोकोत मुख्य जनरेटरच मोटर बनून इंजिन फिरवतो. अल्टरनेटर बसवलेल्या लोकोत हे काम ऑक्झिलरी जनरेटर आणि एक्सायटर करतात. त्या मशीनचं मेगर रीडिंग कच्चं असेल तर थांबा. बॅटरीचा पूर्ण जोर पहिल्यांदा तिथंच लागतो.

चालू झाल्यावर तेलाच्या दाबावर नजर ठेवा. तो चौरस सेंटीमीटरला १.३ किलोच्या आसपास उतरला की ऑइल प्रेशर स्विच इंजिन बंद करतो. हा स्विच बायपास करून ‘एकदा बघू या’ म्हणणाऱ्याला चावी देऊ नका. बंद केल्यावर टर्बोला कान लावा. त्याची घरघर दीड ते तीन मिनिटं चालली पाहिजे. दीड मिनिटाच्या आत थांबली तर बेअरिंग घट्ट झालं आहे. आणि दर आठवड्याला पाच मिनिटं चालवण्याचा मोह टाळा. थंड इंजिनात न जळलेलं तेल एक्झॉस्टमध्ये साठतं आणि पाणी क्रँककेसमध्ये. तीन-चार महिन्यांतून एकदा चालवा, पण पाणी-तेल पूर्ण तापेपर्यंत. नुसत्या आयडलिंगलाही ताशी सुमारे २५ लिटर डिझेल लागतं, तो खर्च आधी धरा.

खंडेनवमीला पूजेआधी लोको धुतो. चालेल ना?

पूजा जरूर करा, पण प्रेशर पाइप मारू नका. जोराचं पाणी दरवाजांच्या फटींतून जनरेटरवर जातं आणि महिनाभरानं मेगर रीडिंग पडलेलं सापडतं. बादलीत साधा साबण, मऊ फडकं, वरून खाली पुसत या आणि कोरड्या फडक्यानं लगेच टिपा. हळद-कुंकू बफरवर किंवा कपलरवर लावा, नव्या रंगावर डाग राहतो. नारळ रुळावर फोडा. आणि त्याच दिवशी, पावसाळा संपल्या-संपल्या, सगळी झाकणं उघडून सिलिका जेल बदला. निळ्या खड्यांची पिशवी गुलाबी झालेली दिसली तर त्या कप्प्याचं गॅस्केट आधी बघा, मग नवी पिशवी टांगा.